पुढच्या खोलीचं माप

प्रशांत : परत तिथंच येऊन अडलं बघ. 'मने' की 'अंगडी' म्हणतंय. घर का दुकान. मी घर दाबतो आणि मोकळा होतो.

वेदश्री : दाबू नका.

प्रशांत : अगं, सवलत आजच्यापुरती आहे. संध्याकाळी सगळी हुबळी एकदम कर भरायला बसणार आणि हे बंद पडणार. मग भर पूर्ण पट्टी.

वेदश्री : म्हणून तर म्हणते, आत्ताच नीट भरा. मागच्या खोल्यांना घर दाबा, माडीला घर दाबा. ही पुढची खोली दुकान.

(एप्रिलची शेवटची दुपार, कमरीपेठेतलं घर. पुढच्या खोलीत शिवणाचं मशीन, इस्त्रीचं टेबल, झंपरांच्या पिशव्या. नवरा मोबाईल घेऊन दारात उभा, सासरे खुर्चीत. वेदश्री सकाळपासून एकदाही टेकलेली नाही, आणि तिला कुणी बस म्हटलेलंही नाही.)

अप्पा : कुणाचं दुकान?

प्रशांत : काही नाही, अप्पा. घरपट्टी भरतोय.

अप्पा : घरपट्टी भरतोस ते दिसतंय मला. कुणाचं दुकान, ते विचारलं.

वेदश्री : माझं, अप्पा.

अप्पा : हं.

प्रशांत : झालं. 'हं' म्हणाले. आता घर दाबू?

वेदश्री : त्यांचं 'हं' म्हणजे होही नाही आणि नाहीही नाही. लग्न झाल्यापासून ऐकते मी ते. अप्पा, तुम्हाला परवाच सांगणार होते, पण तुमची तब्येत बरी नव्हती. शाळेच्या मोठ्या बाई आल्या होत्या ना, चहा घेऊन गेल्या त्या? त्यांना युनिफॉर्मचं काम मला द्यायचंय. सगळ्या शाळेचं, शर्ट, पिनाफोर, सगळं.

अप्पा : चांगलं झालं की. शीव.

वेदश्री : शिवीन हो. पण त्यांना बिल पाहिजे दुकानाचं. दुकान म्हटलं की लायसन्स आलं. लायसन्सासाठी गेले तर तिथला माणूस म्हणाला, अक्का, तुमच्या घरपट्टीच्या पावतीवर ती जागा घर म्हणून आहे. ती दुकान म्हणून आणा, मग बोलू. बाई उद्यापर्यंत थांबतायत. उद्या कागद दिला नाही तर काम नवनगरच्या टेलरकडं गेलं.

अप्पा : नवनगरचा कोण तो?

वेदश्री : कोण का असेना. त्याच्याकडं पाटी आहे, माझ्याकडं नाही.

प्रशांत : वेदा, तू दर बघितलास काय दुकानाचा? अप्पा, तुम्हीच सांगा तिला. हा कर म्हणजे आपलं आपण सांगायचं. घर किती लांब, किती रुंद, कौलं का स्लॅब, किती जुनं, स्वतः राहता का भाड्यानं दिलंय. त्यावरून ते आकडा काढतात. घर जुनं असलं की थोडं सोडतात, स्वतः राहिलं की आणि थोडं सोडतात. दुकान म्हटलं की हात आखडता. त्यावर आरोग्याचा सेस, ग्रंथालयाचा सेस, भिकाऱ्यांचा सेस.

अप्पा : भिकाऱ्यांचा असू दे. दुकानात दर शनिवारी वाटत होतोच की आपण.

प्रशांत : तो मुद्दा नाही, अप्पा. लोक दुकान असून घर लिहितात, आणि ही घर असून दुकान लिहायला निघाली.

वेदश्री : घर असून? ह्या खोलीत कोण झोपतं सांगा मला. पाहुणे आले तरी त्यांना मधल्या खोलीत नेऊन बसवतो आपण. का? तर इथं टाचण्या पडलेल्या असतात. तुमचे अळणावरचे मामा एकदा बसले होते त्या सतरंजीवर, अजून आठवण काढतात.

प्रशांत : बरं, शिवण चालतं इथं, मान्य. पण म्हणून दुकान म्हणायचं? घरातल्या घरात, जरा वेळ...

वेदश्री : पुरं करा की वाक्य. वेळ जातो म्हणून.

प्रशांत : तसं नाही म्हणत मी.

वेदश्री : तसंच म्हणता. माझ्या माहेरी फोनवर पण तसंच सांगता. तिला बरं पडतं, वेळ जातो. आपल्या सागरच्या क्लासची फी वेळ जातो म्हणूनच भरते मी. दिवाळीत रात्रंदिवस मशीन चालतं, तेव्हा तुम्ही म्हणता आवाज होतो. आवाज दुकानाचा आणि काम वेळ जाण्याचं, असं कसं चालेल?

प्रशांत : मालकांचा फोन आला. थांब. हां सावकार. हो सावकार. गठ्ठे उतरवून घेतो, तुम्ही काळजी करू नका. निघालोच. हो, अर्ध्या तासात... सावकार वैतागलेत. दुर्गदबैलच्या बाजारात माल येऊन उभा आहे, हातगाडीवाले बोंबलतायत, आणि मी इथं घर का दुकान करत बसलोय.

वेदश्री : मग दाबा दुकान आणि जा.

अप्पा : कोणी काही दाबायचं नाही. सुम्ने, गप बसा दोघं.

प्रशांत : अप्पा, बसायला वेळ नाही.

अप्पा : मग उभ्यानं ऐक. ही पद्धत नवी आली ना, स्वतःचा कर स्वतः ठरवा म्हणून, तेव्हा ह्या गल्लीत दिवाळी झाली होती. आपणच सांगायचं म्हटल्यावर काय. एकानं माडी गिळली, एकानं परसातल्या खोल्या गिळल्या. भाडेकरू तर सगळे एका रात्रीत भाचे-पुतणे झाले. मी एकटा असा होतो, दुकानातला गज घेऊन आलो आणि हे घर भिंत-भिंत मोजलं. इंच लपवला नाही. लोक हसले. हसू देत म्हटलं. तेव्हा मला खरं-खोटं कुणी शिकवू नका. पण दुकान म्हणून हे घर मी लिहू देणार नाही.

वेदश्री : सगळं घर नाही, अप्पा. एक खोली.

अप्पा : एक खोली लिहिली की लाईटवाले येतील, दुकानाचं मीटर बसवा म्हणून. मग पाणीवाले येतील.

वेदश्री : येऊ देत. मीटर बसवू.

अप्पा : घरात देव आहेत.

वेदश्री : देव मधल्या खोलीत आहेत. तुमच्या दुकानात पण होते की देव, गल्ल्याच्या वर. रोज हार घालत होता तुम्ही.

अप्पा : ते दुकान होतं.

वेदश्री : आणि हे?

अप्पा : बाई गं, नको ना त्याच त्या शब्दाच्या मागं लागू. दुकान, दुकान. लोक काय म्हणतील, कळतं काय तुला? श्रीहरप्पानं दुर्गदबैलातलं चालतं दुकान घालवलं, पोरगा दुसऱ्याच्या गादीवर गठ्ठे मोजतो, आणि आता सुनेच्या दुकानात खुर्ची टाकून बसलाय. चार वर्षं झाली शटर ओढून, अजून सकाळी चपला घालतो आणि मग आठवतं.

प्रशांत : अप्पा, असू दे आता. जागा मालकाची होती, त्यानं परत मागितली. तुम्ही काय घालवलं नाही.

अप्पा : लोकांना ते कुठं माहीत आहे?

वेदश्री : मी एक बोलू? राग आला तरी चालेल. तुम्ही चपला घालता ते मी रोज बघते. त्या वेळेला मी मुद्दाम आत जाते, तुम्हाला अवघडू नये म्हणून. पण अप्पा, तुमच्या दुकानाचं दुःख माझ्या खोलीनं किती वर्षं भरायचं? तुमचं बंद झालं तरी गल्लीतली पोरं तुम्हाला अजून अंगडी अज्जा म्हणतात. माझं चालू आहे आणि मी कोण? मशीनवाली अक्का.

अप्पा : हं.

प्रशांत : हे बघा, ह्यातून मार्गच निघतो आपोआप. खालची ओळ आत्ता वाचली मी. दुकान लिहायचं तर त्या खोलीचं माप वेगळं पाहिजे. आपल्या जुन्या पावतीवर सगळं घर एकत्र आहे. ह्या खोलीचं वेगळं माप आपल्याकडं नाही. संपलं. घर दाबतो.

वेदश्री : माप काढायला किती वेळ लागतो? टेप माझ्या गळ्यातच आहे. सरका बाजूला, ती पिशवी उचला. भिंतीला टेकवून धरा हे टोक. घट्ट. इथं खडूची रेघ मारते... आता इथपर्यंत या. परत धरा... झालं. चार मीटर तीस.

अप्पा : कापडी टेपनं घर मोजतात होय?

वेदश्री : का? माणसं मोजते की मी.

अप्पा : माणूस श्वास सोडला की कमी होतो, भिंत होत नाही. कापडी टेप ताणली जाते वापरून वापरून. तुझी किती वर्षांची आहे? बघ, टोकाची पत्री पण निघाली. प्रशांत, कपाटामागं माझा गज आहे बघ. लोखंडी. आण इकडं.

प्रशांत : अप्पा, तुम्ही कशाला उठता? आणि दुकान लिहायचं नाही म्हणता, मग मोजता कशाला?

अप्पा : लिहायचं का नाही ते नंतर. माझ्या घरात माप चुकलेलं मला चालणार नाही. आण म्हटलं ना.

प्रशांत : घ्या. चार वर्षांत गंज चढलाय ह्याला.

अप्पा : गंज पुसता येतो. मीटरचाच आहे, सरकारी शिक्का आहे बघ टोकाला. बापाच्या वेळचा गज मोडीत गेला तेव्हा हा घेतला, पण आम्ही ह्याला पण गजच म्हणत आलो. वेदश्री, ते स्टूल सरकव. मी खाली बसतो.

वेदश्री : सावकाश बसा. माझ्या खांद्याला धरा.

अप्पा : साकु, साकु. पुरे. एवढा म्हातारा नाही झालो. हं. भिंतीला टेकला. एक... दोन...

वेदश्री : थांबा, अप्पा. काय म्हणालात?

अप्पा : दोन.

वेदश्री : त्याच्या आधी.

अप्पा : एक म्हणालो. एकानंतर दोन येतात.

वेदश्री : दुकानात तुम्ही एक कधी म्हणत नव्हता. मी नवी नवी होते, डबा घेऊन यायचे दुपारी. गिऱ्हाइकाला कापड मोजून देताना लाभ म्हणायचात. लाभ, दोन, तीन. मला हसू यायचं. मला वाटलं, ह्या माणसाला एक येत नाही.

अप्पा : पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं, लाभ म्हणायचं. माझा बाप म्हणायचा, त्याचा बाप जतच्या बाजारात म्हणायचा.

वेदश्री : मग आत्ता?

अप्पा : ते दुकानात. हे घर आहे.

वेदश्री : कळलं.

प्रशांत : आता ह्यावरून परत सुरू करू नका. अप्पा, मोजा पटकन. हे मिनिटं मोजतंय, थोड्या वेळानं आपोआप बाहेर फेकतं.

अप्पा : तीन... चार. आणि वर एवढं. वीतभर. म्हणजे चार मीटर वीस. लिही. म्हटलं नव्हतं? टेप खोटी आहे तुझी. दहा सेंटीमीटर खाल्ले.

वेदश्री : टेप ताणली गेली असती तर माझं माप कमी आलं असतं. जास्त आलंय.

अप्पा : आँ?

वेदश्री : लांब झालेल्या टेपनं मोजलं तर आकडा कमी येतो. झंपर घट्ट होतो, सैल नाही. आणि तुमच्या गजाला लावून बघते, थांबा. हे बघा. शून्याला शून्य. शंभराला शंभर. टेप खरी आहे आणि गजही खरा आहे.

प्रशांत : दोन्ही खरे आणि खोली दोन मापांची. मस्त. मी काय टाकू, मधलं टाकू? सव्वाचार?

अप्पा : मधलं कसं टाकशील? भाजी आहे काय? तुझा खडू तिरका पडला असेल, वेदश्री.

वेदश्री : असेल. तुम्ही परत एकदा मोजा ना, अप्पा. मी बघते.

अप्पा : बघ की. शिकून घे. टोक भिंतीला टेकवायचं, असं. दुसऱ्या टोकाला अंगठा ठेवायचा, म्हणजे गज उचलला तरी खूण सुटत नाही. गज उचलायचा, अंगठ्याच्या पुढं ठेवायचा. दोन. परत अंगठा. उचलायचा, पुढं ठेवायचा. तीन. दिसलं?

वेदश्री : दिसलं.

अप्पा : अंगठा. पुढं. चार. आणि वर वीतभर. आलं का नाही चार वीस?

वेदश्री : आलं.

प्रशांत : वेदा, तू अशी का बघतेस? काय झालं?

वेदश्री : काही नाही. अप्पांचं माप बरोबर आहे. टाका चार वीस.

प्रशांत : आत्ता दहा सेंटीमीटरसाठी भांडत होतीस.

वेदश्री : टाका म्हटलं ना. तुम्हाला उशीर होतोय.

अप्पा : थांब रे, टाकू नको. ही अशी माघार घेणाऱ्यातली नाही. काय दिसलं तुला?

वेदश्री : काही नाही, अप्पा. उठा तुम्ही, गुडघा दुखेल.

अप्पा : गुडघा माझा आहे. टोक भिंतीला. अंगठा. उचलला. पुढं ठेवला...

प्रशांत : अप्पा? का थांबलात? लागलं काय?

अप्पा : बोलू नको जरा.

प्रशांत : पाणी आणू?

अप्पा : अंगठ्याच्या पुढं ठेवतोय मी. खुणेवर नाही. अंगठ्याच्या पुढं.

प्रशांत : म्हणजे?

अप्पा : म्हणजे अंगठ्याखालची जागा मोजलीच जात नाही. दर गजाला एक अंगठा सुटतोय. चार गजांत चार अंगठे. तिचे दहा सेंटीमीटर तिथं आहेत. माझ्या अंगठ्याखाली.

वेदश्री : अप्पा, ती कापडाची सवय आहे. कापड मोजताना तसंच सोडतात.

अप्पा : सोडतातच. गिऱ्हाइकाला दर मीटरला अंगठाभर जास्त. माझ्या बापानं शिकवलं, हात सैल ठेव. बायका गदगहून यायच्या खण घ्यायला, बाजारात दहा दुकानं सोडून. श्रीहरप्पाचा अंगठा मोठा आहे म्हणायच्या. जन्मभर एकाच दिशेला हात फिरवला. घर मोजायला बसलो तेव्हा हात तसाच फिरला, आणि इथं गिऱ्हाईक मीच होतो. आख्खं घर लांबीला पंधरा गज. पंधरा अंगठे. हातभर घर गिळलं मी, वेदश्री. दरवर्षी.

प्रशांत : अप्पा, हातभर म्हणजे काय मोठंसं? वर्षाला किती फरक पडला असेल? एका वेळच्या चहापाण्याचा.

अप्पा : चहापाण्याचा असेल नाहीतर रुपयाचा. मी माडी गिळणाऱ्यांना हसत होतो. तोंडावर हसत होतो. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं, कारण ह्याचं माप खरं, ह्याला कोण बोलणार.

वेदश्री : त्यांनी जाणूनबुजून लपवलं होतं. तुम्ही लपवलं नाही.

अप्पा : जागा तेवढी लपलीच की. आणि माझं एकट्याचं असतं तर गिळून टाकलं असतं. सरस्वतीबाईंचं घर मीच मोजून दिलं. गोविंद सोनाराचं मी. कोपऱ्यावरच्या वहिनींचं मी. सगळे म्हणायचे, अप्पा, तुमच्याच गजानं मोजा, आमचा विश्वास आहे. सगळ्या गल्लीला अंगठा सोडत आलो मी.

वेदश्री : मग गल्लीला हे कळू देऊ नका. नाहीतर उद्यापासून दारात रांग लागेल तुमच्या मापाला.

प्रशांत : हसू नकोस, वेदा. त्यांचा चेहरा बघ.

वेदश्री : बघतेय. म्हणूनच हसवतेय. अप्पा, उठा बरं. खुर्चीत बसा. धरा मला.

अप्पा : तू पहिल्याच वेळी बघितलंस.

वेदश्री : दुसऱ्या वेळी. पहिल्यांदा तुमच्या 'एक'कडं लक्ष होतं माझं.

अप्पा : मग बोलली का नाहीस? तुझंच माप खरं होतं. माझ्या तोंडावर मारता आलं असतं. मी पण तुला किती बोललो मघाशी.

वेदश्री : बोलणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. पण तुम्हाला खोटं पाडून मिळालेलं दुकान मला नको होतं. उद्या मशीनवर बसले असते आणि तुम्ही समोर ह्याच खुर्चीत. कसं शिवलं असतं मी?

अप्पा : हं.

प्रशांत : गेलं. बघा, फेकलं बाहेर. सगळं परत भरा. आणि हा सावकारांचा फोन. हां सावकार... नाही, विसरलो नाही. रिक्षा बघतोय... हो. पाच मिनिटं... अप्पा, मी आता काय करू ते एकदाच सांगा. जुनंच माप टाकतो आणि घर दाबतो. पुढच्या वर्षी बघू सगळं निवांत.

अप्पा : जुनं माप टाकायचं नाही.

प्रशांत : अप्पा, आपण होऊन माप वाढवलं तर ते विचारतील ना, आजवर कमी का होतं? नसती आफत गळ्यात.

अप्पा : विचारतील तर सांगीन. जाऊन सांगीन, अंगठा दाखवून सांगीन. तिथल्या लोकांची पण कुणाची तरी आई माझ्याकडनं खण घेऊन गेली असेल. वेदश्री, तुझी टेप घे. सगळं घर मोज संध्याकाळपर्यंत. आत्ता तो भरतोय तेवढ्यात हे पहिलं लिही. जे आहे ते लिही.

वेदश्री : जे आहे ते?

अप्पा : म्हटलं की.

वेदश्री : मग ही खोली, अप्पा?

प्रशांत : वेदा, आत्ता नको. आत्ता तरी नको गं. ते बसलेत बघ कसे.

अप्पा : तिला बोलू दे.

वेदश्री : मला बोलायचं नाही. मी विचारलं फक्त.

अप्पा : अंगठ्याचं मला माहीत नव्हतं. देवाशपथ माहीत नव्हतं. पण ह्या खोलीचं काय? रोज सकाळी मी इथं पेपर वाचतो. बायका येतात, मापं देतात, पिशव्या ठेवतात, घासाघीस करतात. एखादी भाव पाडते आणि तू मान हलवत नाहीस, तेव्हा मला बरं वाटतं. मनात म्हणतो, शाबास. हे सगळं डोळ्यांनी बघून वर घर लिहायचं, तर माडी गिळणाऱ्यांत आणि माझ्यात फरक काय राहिला?

वेदश्री : तुम्ही मनात शाबास म्हणता?

अप्पा : मोठ्यानं म्हणालो असतो तर तुला चढलं असतं.

वेदश्री : चढू द्यायचं होतं की एकदा तरी.

प्रशांत : परत तिथवर भरत आलोय. म्हणजे आता अंगडी दाबू? नक्की? नंतर मला बोलायचं नाही, सेस किती लागला आणि मीटरचं काय म्हणून.

अप्पा : दाब.

प्रशांत : वेदा, लायसन्स आणि हे सगळं करून ते युनिफॉर्मचं काम नाही मिळालं तर? मला भीती वाटते गं. एकाच्या पगारावर घर चाललंय. तुझं ते वेळ जातो असं म्हणतो ना मी, ते त्यामुळं म्हणतो. दुकान म्हटलं की ते बुडू पण शकतं. वेळ बुडत नाही.

वेदश्री : हे आधी कधी बोलला नाहीत.

प्रशांत : आज बोललो.

वेदश्री : बुडलं तर बुडू दे. माझं बुडेल. पण नसलेलं दुकान बुडालं तर त्याचं दुःख पण करता येत नाही हो. अप्पा निदान चपला तरी घालतात.

अप्पा : दाब रे आता. किती बोलायला लावतोस तिला?

प्रशांत : दाबलं. घेतलं त्यानं. आता विचारतंय, दुकान म्हणून वापर कधीपासून. ह्या महिन्यापासून टाकतो. म्हणजे मागचं काही लागणार नाही.

वेदश्री : सागर बालवाडीत जायला लागला त्या वर्षापासून टाका.

प्रशांत : वेडी झालीस काय? मागच्या सगळ्या वर्षांचा फरक मागतील.

वेदश्री : मागू देत. हप्ते पाडून देईन, मशीनवर काढीन. तेव्हापासून शिवते मी. ह्या महिन्यात नाही सुरू केलं.

प्रशांत : अप्पा, तुम्ही तरी...

अप्पा : मला काय विचारतोस? जिचं आहे तिला विचार.

प्रशांत : बरं. टाकलं. आता ह्या खोलीची लांबी-रुंदी. एवढं जतन करून ठेवतो, बाकीच्या घराचं माप झालं की पैसे भरू. चार तीस टाकू ना? आणि रुंदी काढली नाही आपण. पटकन काढा, मला खरंच निघायचंय.

वेदश्री : टेप घेते.

अप्पा : टेप नको. हा गज घे.

वेदश्री : तुम्ही मोजता? बसा ना, अप्पा. मी मोजते टेपनं.

अप्पा : माझा हात आता सुधारायचा नाही. मी बसूनच बघतो. गज तू घे. आणि आत कपाटामागं परत ठेवू नको, इथंच मशीनजवळ राहू दे, लागेल तुला. धर नीट. जड आहे.

वेदश्री : कुठून सुरू करू?

अप्पा : दाराकडून. टोक भिंतीला. अंगठा ठेवू नको, खडूची रेघ मार.

वेदश्री : मारली. एक...

अप्पा : उचल तो गज. परत भिंतीला टेकव.

वेदश्री : का? चुकला?

अप्पा : माप नाही चुकलं. काय मोजतेस तू?

वेदश्री : दुकान.

अप्पा : मग एक कसं?

वेदश्री : ...लाभ.